कंदिलाची काच

सध्या आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या डाव्या हाताला एक चित्र लागलंय. येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "हे काय, कोरा कागद का फ्रेम करून लावलाय?" मग मी म्हणते, जरा जवळ जा. माणूस जवळ जातो, मान थोडी तिरकी करतो, आणि मग त्याला दिसते ती. कंदिलाची काच. नुसती काच हं! कंदील नाही, वात नाही, ज्योत नाही. स्टुलावर उभी ठेवलेली एक रिकामी काच, पेन्सिलीने काढलेली.

नातेवाईक मंडळींपैकी ज्यांना ती काच माहीत आहे, ते आता मनात म्हणत असतील, अरे वा, वहिनीची काच! थांबा. हे पूर्ण वाचा. लिहायला मी दिवाळीपासून टाळाटाळ करते आहे.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या सासूबाई १९७१ साली लग्न होऊन आल्या तेव्हा माहेराहून, आर्वीकडच्या त्यांच्या गावाहून, एक कंदील घेऊन आल्या. बाबा (म्हणजे सासरे) तेव्हा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नुकतेच लागले होते आणि वाडीत एका खोलीत राहत होते. वाडी म्हणजे नागपूरहून अमरावती रोडने बाहेर पडलं की लागते ती. आज इथे ट्रान्सपोर्टवाल्यांची गोदामं, ट्रकच ट्रक आणि धूळ. बाबा म्हणतात, तेव्हा संध्याकाळी रस्ता ओलांडायला इकडेतिकडे बघावंसुद्धा लागत नव्हतं. आता रात्री लोड भरलेला ट्रक गेला की आमच्या फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांशी बोलतात. अशा ठिकाणी एक काच पन्नास वर्षांहून जास्त टिकली, हेच नवल.

कंदील 'प्रभाकर'. जुन्या माणसांना हे नाव सांगायला नको. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काच कारखाना होता, त्यांचा हा कंदील. स्वदेशीचे दिवस होते ते. तळेगावला १९०८ साली लोकांकडून एकेक पैसा गोळा करून 'पैसा फंडा'चा काच कारखाना निघाला होता, त्यामागे टिळकांचा आशीर्वाद होता. ओगलेवाडीचा कारखाना त्यानंतरचा. तो औंध संस्थानात होता आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः उत्तम चित्रकार. चित्रकार राजाच्या राज्यात काचेचा कारखाना! ही गोष्ट मी लेकीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ओगलेवाडीची काच आपल्या वाडीत. वाडी टू वाडी." आजकालच्या मुलांचे विनोद. असो.

आता कंदिलाच्या टाकीवर 'प्रभाकर' असं नाव उमटवलेलं आहे हे खरं, पण काच तीच मूळची की मधे कधी बदललेली, हे कोण सांगणार? आई मात्र शपथेवर सांगायच्या की तीच. आणि आईंच्या शब्दावर आमच्या घरात अपील नव्हतं.

(बाहेरच्या कुणी हिला 'चिमणी' म्हटलं की आमच्याकडे गोंधळ होतो. आमच्याकडे चिमणी म्हणजे बाटलीच्या बुचाला भोक पाडून वात घातलेला, भकाभका धूर ओकणारा दिवा. काच म्हणजे काच.)

मी या घरात आले २००६ साली. लोडशेडिंगचा काळ. इन्व्हर्टर वगैरे आमच्याकडे नव्हतं, त्यामुळे आईंचा कंदील माळ्यावरून उतरला आणि रोज संध्याकाळी काच पुसायचं काम नव्या सुनेकडे आलं. चुलीची राख चाळून ठेवलेली असायची. आधी कोरडी राख, मग मऊ सुती फडकं, मग वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद. हात आत जाईल तेवढाच घालायचा, उरलेलं फडक्याने फिरवायचं. आणि रोज एकच सूचना, "गरम काचेले ओला हात नोको लावू बाई." मी मनात म्हणायची, किती वेळा सांगाल? लक्षात आहे माझ्या.

लक्षात होतं. पुढे कळेलच.

आई जाऊन आता तीन वर्षं होतील. काच त्यांच्याच एका जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळून कपाटात ठेवलेली होती. ती बाहेर निघाली लेकीमुळे. लेक नववीत. चित्रकलेची इंटरमिजिएटची परीक्षा द्यायची होती. तुमच्यापैकी निम्म्याहून जास्त लोकांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल. ते स्मरणचित्र, ते स्थिरचित्र, भूमिती, अक्षरलेखन, आणि गावभरची पोरं ड्रॉइंग बोर्ड काखोटीला मारून सेंटरकडे निघालेली. मी पण दिली होती. स्थिरचित्रात समोर काचेची बरणी आली होती आणि मी ती फिक्कट निळ्या रंगाने रंगवली होती. काच म्हणजे निळी, असं माझं ठाम मत होतं. सी ग्रेड.

लेकीच्या चित्रकलेच्या सरांनी क्लासमध्ये एक वाक्य सांगितलं, "काच काढू नका, काचेतून जे दिसतं ते काढा." हे वाक्य घेऊन पोरगी घरी आली आणि घरातली सगळी काच गोळा करून बसली. चहाचे ग्लास, लोणच्याची बरणी, माझा चष्मा. चार दिवस हे काढून झालं आणि मग म्हणाली, "आई, आजीची काच दे ना."

मी नाही म्हटलं. बाबा म्हणाले, दे. मी दिली.

उत्तरेच्या खिडकीपाशी स्टूल, स्टुलावर काच, मागे अर्ध्या भागात तिच्या वहीचं काळं कव्हर टेकवलेलं. तीन रविवार ती त्या काचेसमोर बसली. अप्सराच्या दोन-तीन पेन्सिली, एक खोडरबर, टोक करायला ब्लेड. पहिल्या रविवारी संध्याकाळी मी चहा घेऊन गेले आणि कागद बघितला तर जवळजवळ काहीच नाही. दोन लंबगोल, खाली एक, वर एक, आणि त्यांना जोडणाऱ्या केसाएवढ्या दोन पुसट रेघा. मी म्हटलं, "अगं दिवसभर बसून एवढंच? परीक्षेत अडीच-तीन तास मिळतात, तीन रविवार नाही." आईपण असतं ते, काय करणार! ती काही बोलली नाही. खोडरबराने वरचा लंबगोल पुसला आणि पुन्हा काढला.

तो का पुसला, ते मला पुढे तिनेच समजावून सांगितलं. काचेचं तोंड गोल, पण आपण बाजूने बघतो म्हणून ते चपटं दिसतं. आपली नजर काचेच्या वर असेल तर वरचं तोंड जास्त चपटं दिसतं आणि खालचं त्यापेक्षा गोल. आणि लंबगोलाच्या दोन्ही कडांना टोक येता कामा नये. आपण सगळे तिथे बदामासारखं टोक काढतो. तिथे टोक नसतंच, वळण असतं. ते वळण जमलं नाही तर काच उभी राहत नाही, चित्रात फुटल्यासारखी दिसते.

दुसऱ्या रविवारपासून मला थोडं थोडं दिसायला लागलं. म्हणजे चित्र पुढे सरकलं हे एक आणि मी बघायला शिकले हे दुसरं. काचेला स्वतःचा रंग नाही. मग ती दिसते कशामुळे? एक तर कडांमुळे. मधल्या भागात आपण काचेची फक्त जाडी भेदून पलीकडे बघतो, पण कडेला नजर भिंतीच्या लांबीतून तिरपी जाते, उजेड तिथे वाकतो, आणि मागचं काळं कव्हर आहे त्यापेक्षा भलत्याच जागी बारीक पट्टी होऊन दिसतं. म्हणून कडेची रेघ एकसारखी नाही. कुठे गडद, कुठे मधेच तुटलेली, कुठे गडद रेघेला चिकटून पांढरी. मी आजवर समजत होते की रेघ म्हणजे रेघ.

आणि दुसरं म्हणजे चमक. काचेवर सरळ पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्केच एका पृष्ठभागावरून परत फिरतो, बाकीचा आरपार. त्या चार टक्क्यांवर सगळा खेळ! आमची खिडकी त्या काचेत दोनदा दिसत होती. एकदा पुढच्या फुगीर पोटावर, इवलीशी, सुलटी. आणि एकदा मागच्या भिंतीच्या आतल्या बाजूला, उलटी. तिथे काच आतून खोलगट ना, चमच्यासारखी! चमच्याच्या आतल्या बाजूला आपलं तोंड उलटं दिसतं, तसं. मी वर्षानुवर्षं ही काच पुसली, हातात धरून उजेडाकडे करून डाग शोधले. दोन खिडक्या मला एकदाही दिसल्या नाहीत. मी डाग बघत होते ना.

या दोन्ही खिडक्यांच्या जागी लेकीने काहीच काढलं नाही. कागद तसाच सोडला. पांढरा. आजूबाजूला इतकी हलकी छटा की बोट फिरवलं तर जाईल, आणि मधे तो कोरा चौकोन, त्यात गजांच्या तीन रेघा. काय सांगू, तो कोरा कागद चमकतो! मी हात लावून बघितला होता.

मला तेव्हा हळदणकरांचं ते चित्र आठवलं. हातात दिवा घेतलेली स्त्री, एका हाताने ज्योतीला आडोसा केलेला, बोटांतून लालसर उजेड झिरपतोय. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. खूप जण ते रविवर्म्याचं समजतात. पण ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं, सावंतवाडीचा माणूस (आणखी एक वाडी!), आणि १९४५-४६ च्या सुमारास काढलेलं ते जलरंगातलं चित्र आहे, तैलरंगातलं नाही. समोर उभी होती त्यांची स्वतःची मुलगी, गीता. गीताबाई उपळेकर पुढे कोल्हापूरला राहिल्या आणि २०१८ साली शंभरी ओलांडून गेल्या. तिथे बापाने दिवा घेतलेल्या मुलीला काढलं. आमच्याकडे नातीने आजीच्या दिव्याची काच काढली. तुलना करायची नाहीये मला, कुठे ते आणि कुठे आमची नववीतली पोरगी. पण उजेड काढायचा तर त्याच्या भोवतीचा अंधार काढावा लागतो, हे दोन्हीकडे सारखंच.

तिसऱ्या रविवारी चित्र झालं. परीक्षाही झाली. काच पुन्हा नऊवारीच्या तुकड्यात गेली. इथपर्यंत सगळं छान.

लक्ष्मीपूजनाला आई दरवर्षी त्यांचा कंदील पेटवून तुळशीपाशी ठेवायच्या. लाइट असो नसो. त्या गेल्यावर दोन वर्षं आम्ही पेटवला नव्हता. या वर्षी लेक म्हणाली पेटवू या. मातीचं तेल आता मिळत नाही सहज, कुठून तरी अर्धी बाटली मिळवली, वात कापली, पेटवला. काय सुंदर दिसत होता! काच नसती तर वात नुसती फडफडून धुरकटली असती. काचेच्या नळीतून गरम हवा वर जाते, खालून नवी खेचली जाते, ज्योत शांत उभी राहते. आर्गां नावाच्या स्विस माणसाने १७८० च्या दशकात आपल्या दिव्यावर काचेची नळी बसवली, तेव्हापासून हा शहाणपणा जगभर पसरला. हे मी तेव्हा सगळ्यांना ऐकवत होते. फार शहाणी झाले होते मी काचेबाबतीत.

रात्री साडेअकराला आवरताना कंदील विझवला. फडक्याने धरून काच काढली. ओला हात लावला नाही. आईंची सूचना अगदी लक्षात होती. काच नेऊन ओट्यावर ठेवली.

ओटा मी नुकताच पुसला होता.

टच् असा आवाज आला फक्त. मोठा नाही, बांगडी वाढवावी तेवढा. खालच्या काठापासून एक रेघ वर चढत गेली, मी बघत असताना, आणि मग काच दोन तुकड्यांत शांतपणे बाजूला झाली. गरम काचेचा एकच भाग एकदम गार झाला, तो आकसला, बाकीची तशीच फुगलेली, आणि काचेला वाकणं माहीत नाही. शास्त्र मला माहीत होतं हो. मी उभी राहिले नुसती.

मी कुणालाच सांगितलं नाही. तुकडे त्याच नऊवारीच्या फडक्यात बांधले आणि कपाटात मागे ठेवले. भाऊबीजेला सगळे आलात, कुणीतरी विचारलंतही, "काच नीट आहे ना?" मी म्हटलं, "हो, आहे ना." हे खोटं मी तुम्हा सगळ्यांशी बोलले. त्याबद्दल आज माफी मागते.

बाबांना सांगायला मला बारा दिवस लागले. दुपारी जेवण झाल्यावर सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पेपर वाचत राहिले, पण पान उलटलं नाही. दोन दिवस तसेच गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोरीनं काढलेलं ते चित्र आण बरं."

आणलं. त्यांनी टेबलावर ठेवलं, भिंग काढलं. सगळी नोकरी ड्रॉइंग बघून काम करण्यात गेलेली. चित्र बघतात तेही तसंच, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून. मी समोर उभी. मधे एकदा म्हणाले, "बुडबुडासुद्धा काढला पोट्टीनं." काचेच्या पोटात तांदळाच्या कणीएवढा एक बुडबुडा होता, घडवतानाच राहिलेला. मला तोही माहीत नव्हता.

मग भिंग वरच्या काठाशी थांबलं. तिथे एक टवका आहे. नखाएवढा. आमच्या घरात त्या टवक्याला इतिहास आहे, आणि तो सगळ्यांना पाठ आहे. आत्याबाई मॅट्रिकच्या अभ्यासासाठी इथे राहायला होत्या, १९७४ साल, रात्री अभ्यासाला कंदील घेतला आणि टवका पाडला. आईंच्या माहेरची वस्तू, घरात मोठा तमाशा झाला, आत्याबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आजही लग्नकार्यात विषय निघाला की आत्याबाई म्हणतात, "मी नव्हता पाडला," आणि सगळे हसतात. मी पण हसले आहे.

बाबा भिंग तसंच धरून म्हणाले, "हा मायाच्यानं पडला होता."

मला आधी कळलंच नाही.

"सेकंड शिफ्ट करून आलो. अंधार होता. टेबलावरून काच उचलली तं गिलासाले लागली. तशीच ठेवून देल्ली. सकाळी तिच्यावर आलं." थोडा वेळ थांबून, "तुया सासूले माहीत होतं. तिनं मले कधी इचारलं नाही."

पन्नास वर्षं. एवढ्याशा टवक्याचं. आणि मी बारा दिवसांत हैराण झाले होते!

लेकीला हे काहीच माहीत नव्हतं. तिने टवका काढला कारण तो तिथे होता. मी काढला असता तर वगळला असता, चांगली काच दाखवायची म्हणून. काच आता नाही, पण टवका आहे, आणि त्याने साक्ष दिली.

मी बाबांना विचारलं, हे लिहू का? आत्याबाई वाचतात माझं. ते म्हणाले, "लिहून टाक. फोनवर मले बोलता येत नाही."

फ्रेमवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, काच लावू की नुसतं लॅमिनेशन? पेन्सिलीचं काम उघडं राहिलं तर पुसलं जातं, काच हवीच. साधी काच लावली तर घरी आल्यावर चित्र दिसेचना, समोरच्या दाराचाच उजेड दिसत होता सगळा. परत जाऊन चमक न मारणारी काच बसवून आणली, जास्तीचे पैसे मोजून. तरी कोरा कागदच वाटतो लांबून. वाटू दे. ज्याला बघायचंय तो जवळ जाईल.

परीक्षेचा निकाल अजून यायचाय. काय ग्रेड येईल ती येवो.

आत्याबाई, तुम्ही नव्हता पाडला. तुमच्या दादाने पाडला होता. आणि काच मी फोडली. संक्रांतीला या. बाबा वाट बघताहेत, तसं म्हणणार नाहीत, पण बघताहेत.